बोका घरातच राहिला: गरोदरपण आणि बाळाचं पहिलं वर्ष, एक प्रकरण

हे प्रकरण एका लहान कुटुंबाचं आहे. पहिल्यांदाच गरोदर असलेली एक तरुण बाई, तिचा नवरा, सासूबाई आणि चार वर्षांचा, नसबंदी झालेला बोका मन्या. माणसांची नावं गाळली आहेत. मी मन्याचा डॉक्टर. तिच्या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर अर्थातच वेगळ्या, आणि या सगळ्या काळात आम्ही दोघं एकमेकांशी फोनवर बोलत होतो. हे आवर्जून सांगतो, कारण बहुतेक घरांत मांजराचा डॉक्टर आणि बाईचा डॉक्टर यांची कधी गाठच पडत नाही. एकाचं म्हणणं 'काही होत नाही', दुसऱ्याचं 'मांजर काढा', आणि मधे घरच्यांची ओढाताण.

ते आले तेव्हा तिला नववा आठवडा होता. घरात तीन मतं होती. सासूबाईंना मन्या कुणाला तरी देऊन टाकायचा होता. बाळ होईपर्यंत त्याला घरामागच्या छोट्या बागेत ठेवावा, असं नवऱ्याला वाटत होतं. तिचं म्हणणं होतं की चार वर्षं तो तिच्या पायाशी झोपतोय, तिला काही झालं नाही, आता काय होणार. तिघांचाही प्रश्न मात्र एकच होता: "डॉक्टर, ठेवायचा की नाही?"

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणं मला बरोबर वाटत नाही. गरोदरपणात मांजराकडून असलेला धोका एका जंतूचा असतो. बाळ जन्मल्यावर तो मागे पडतो आणि झोपेच्या जागेचा प्रश्न पुढे येतो. बाळ रांगायला लागलं की पुन्हा तिसरंच काहीतरी समोर येतं. या तिन्हींची खिचडी झाली की माणसं एक तर सगळ्यालाच भितात किंवा कशालाच भीत नाहीत. म्हणून आम्ही धोक्याची वाट शोधायची ठरवली: तो कुठून निघतो, कुठून जातो, तोंडापर्यंत कसा पोचतो.

जंतूची वाट

गरोदरपणात मांजराचं नाव ज्याच्यामुळे निघतं तो परजीवी म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा गॉन्डी. त्याची पहिली नोंद 1908 सालची, ट्युनिसमध्ये गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात आणि त्याच वर्षी ब्राझीलमध्ये सशात. मांजराचा यातला सहभाग मात्र 1970च्या सुमारास उलगडला. हा जंतू जवळजवळ कुठल्याही उष्ण रक्ताच्या प्राण्यात राहू शकतो, पण त्याची अंडीसदृश बीजं तयार होतात ती फक्त मार्जारकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात. मांजर ती विष्ठेतून बाहेर टाकतं.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. पुढचं क्वचितच कुणी सांगतं, आणि सगळा निर्णय त्या पुढच्यावरच उभा आहे.

मांजर ही बीजं जन्मभर टाकत नाही. साधारणपणे आयुष्यात पहिल्यांदा लागण होते तेव्हा 1 ते 3 आठवडे टाकतं, त्यानंतर त्याच्या शरीरात प्रतिकारशक्ती तयार होते आणि हे थांबतं. पुन्हा टाकल्याची उदाहरणं आहेत, पण ती विरळा. शिवाय ताजी बीजं लागण करू शकत नाहीत. बाहेर पडल्यावर पिकायला त्यांना 1 ते 5 दिवस लागतात. म्हणजे मांजराच्या शी-शूचा ट्रे रोज साफ झाला तर बीज पिकायच्या आत घराबाहेर गेलेलं असतं. एकदा पिकलं की मात्र ते चिवट: ओलसर मातीत वर्षभर, कधी त्याहूनही जास्त टिकतं.

मांजराच्या अंगावर हात फिरवून लागण होणं जवळजवळ अशक्य, कारण मांजर स्वतःला सतत चाटून साफ करतं आणि केसांवर पिकलेली बीजं राहत नाहीत. खरी वाट तोंडातून जाते. अर्धवट शिजलेलं मांस, न धुतलेल्या पालेभाज्या, मातीचे हात, गढूळ पाणी आणि शिळा झालेला ट्रे. युरोपातल्या सहा शहरांतल्या गरोदर बायकांवरचा एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात शहरागणिक 30 ते 63 टक्के लागणींचा संबंध कमी शिजलेल्या किंवा नुसत्या मुरवलेल्या मांसाशी लागला आणि 6 ते 17 टक्क्यांचा मातीशी. मांजराचा सहवास हा त्यात धोक्याचा घटक ठरला नाही. सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे मांजर सोडून स्वयंपाकघर बघायचं?" मी म्हटलं, "काकू, दोन्ही बघायचं, पण आधी स्वयंपाकघर."

दोन 'निगेटिव्ह' रिपोर्ट

तिचा रक्ताचा रिपोर्ट त्यांनी सोबत आणला होता. टॉक्सोचं आयजीजी निगेटिव्ह, आयजीएमही निगेटिव्ह (जंतूविरुद्ध रक्तात तयार होणारी ही दोन प्रकारची प्रतिपिंडं). कुणाच्या तरी सांगण्यावरून मन्याचंही रक्त तपासून घेतलं होतं, तेही निगेटिव्ह. नवरा खूश होता. दोघांनाही काही नाही, मग काळजी कसली?

या रिपोर्टांचा अर्थ नेमका उलटा लागतो. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे पूर्वी कधीतरी लागण होऊन गेली. ती गर्भधारणेच्या बऱ्याच आधी झाली असेल आणि बाईची प्रतिकारशक्ती ठीक असेल, तर बाळाला सहसा धोका नसतो. निगेटिव्ह म्हणजे शरीराची या जंतूशी ओळखच नाही. या नऊ महिन्यांत ओळख झाली तर ती पहिलीच असेल, आणि पहिलीच लागण बाळापर्यंत पोचू शकते. मांजराचंही तसंच. ज्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, त्याचा बीजं टाकायचा काळ बहुधा सरलेला असतो. निगेटिव्ह मांजराचा तो काळ अजून यायचा असतो. म्हणून गरोदरपणात मांजराचं रक्त तपासा असं मी सहसा सांगत नाही. रिपोर्ट काहीही आला तरी करायचं तेच असतं, आणि घरच्यांना तो हमखास चुकीचा धीर देतो किंवा चुकीची भीती घालतो.

इथे दोघंही कोरे होते. याचा अर्थ मन्याला काढा असा होत नाही. त्याच्या तोंडात कच्चं मांस किंवा शिकार जाणार नाही आणि तिच्या तोंडात पिकलेलं बीज जाणार नाही, एवढ्या दोन फटी बुजवायच्या.

फटी कुठे होत्या

मी प्रश्न विचारत गेलो आणि घरातलं चित्र हळूहळू दिसू लागलं. मन्याला सुकं खाणं होतं, पण चिकन साफ करताना नवरा त्याला कच्चे तुकडे आणि काळीज घालायचा, लाडाने. ट्रे दोन-तीन दिवसांनी साफ व्हायचा, तोही तिच्याच हातून. बागेतलं खुरपणं तिच्या आवडीचं, हातमोजे न घालता. मांस कापायचा पाट आणि सॅलड कापायचा पाट एकच.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट नवऱ्याने जाता जाता सांगितली. आमच्याकडे यायच्या आधीच्या आठवड्यात त्याने आपला उपाय करून पाहिला होता. मन्या काही रात्री बागेत होता. आणि एका सकाळी त्याने अर्धा खाल्लेला उंदीर दाराशी आणून ठेवला होता.

'बाहेर ठेवू' हा सुवर्णमध्य पुष्कळ घरांत निघतो आणि तो नेहमी मनापासून निघतो. मांजर काढायचं नाही, पण बाईपासून लांब ठेवायचं. प्रत्यक्षात घरात राहणारं, सुकं खाणारं मांजर हे टॉक्सोच्या बाबतीत सर्वांत सुरक्षित मांजर असतं. त्याला बाहेर काढलं की ते शिकार करतं, लागण घेतं, आणि ट्रेऐवजी मातीत विष्ठा करतं, जिथे ती कुणी उचलत नाही. त्याच मातीत पुढे आपले हात जातात. दरवाजा उघडल्यावर मांजर परत आत येतंच. मांजरावाटे घरात शिरण्याची शक्यता फारशी नसलेला जंतू अशा वेळी आपणच आत आणतो. नवऱ्याला हे सांगताना मी शब्द जपून वापरले, कारण त्याचा चेहरा पडला होता आणि त्याचा हेतू मला कळत होता.

पुढचे सहा आठवडे

उंदरात जंतू असेलच असं नव्हतं, पण असेल असं धरून चालणं भाग होतं. असं मांस खाल्ल्यावर मांजर साधारण 3 ते 10 दिवसांत बीजं टाकायला लागतं आणि पुढे 1 ते 3 आठवडे टाकतं. थोडी जास्तीची मुदत धरून आम्ही सहा आठवडे आखले. विष्ठेची तपासणी करता आली असती, पण बीजं सापडतात ते दिवस थोडे आणि दुसऱ्या एका निरुपद्रवी परजीवीची बीजं सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब अशीच दिसतात. निगेटिव्ह तपासणीवर विसंबून कुणी सैल पडावं असं मला वाटेना.

त्या काळात मन्याला दुसरीकडे ठेवावं का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. तसं करण्यात चूक नव्हती. पण जिथे तो गेला असता तिथेही लहान मूल होतं, आणि तिथे ट्रे रोज साफ होईल याची खात्री कुणी देत नव्हतं. स्वतःच्या घरात, डोळ्यांसमोर, ठरलेल्या माणसाच्या हाती असलेला धोका मला जास्त पेलण्याजोगा वाटला.

मन्या पूर्ण घरात आला. कच्चं मांस त्या दिवसापासून बंद. ट्रे नवऱ्याच्या अंगावर पडला: रोज सकाळी, न चुकता, हातमोजे घालून, विष्ठा पिशवीत गाठ मारून बाहेर. ट्रे धुताना उकळतं पाणी ओतून किमान पाच मिनिटं ठेवायचं, कारण ब्लीच किंवा फिनाइलसारख्या नेहमीच्या जंतुनाशकांना ही बीजं दाद देत नाहीत, उष्णतेला देतात. ट्रे स्वयंपाकघराच्या बोळातून हलवून मागच्या न्हाणीघरात नेला. मांजराला नवी जागा पटावी म्हणून रोज थोडा थोडा सरकवला, नाहीतर बोका जुन्या जागीच घाण करतो.

नवऱ्याला काळजी होती की त्याला लागण झाली तर ती बायकोला होईल. तसं होत नाही. एका माणसाकडून दुसऱ्याकडे हा आजार सहवासातून जात नाही. साबणाने हात नीट धुतले की झालं. नवरा गावाला गेला तेव्हा सासूबाईंनी ट्रे केला. घरात दुसरं कुणीच नसेल तर गरोदर बाईनेही करता येतो: रोजच्या रोज, फेकून देण्याचे हातमोजे आणि मास्क लावून, नंतर साबणाने हात धुऊन. दोन दिवस तसाच ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. एकट्या राहणाऱ्या बायका 'हात लावायचा नाही' या धाकाने ट्रे साचू देतात, आणि धोका नेमका तेव्हा पिकतो.

बाग तिने बाळंतपणापर्यंत सोडली. मन्याने त्या रात्रींत मातीत कुठे काय केलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आता तिथे वर्षभर हातमोज्यांशिवाय कुणी हात घालायचा नाही, असं ठरलं. बागेतला हिरवा पाला कच्चा खाणं बंद झालं.

स्वयंपाकघरात बदल मोठे नव्हते. मांसाचा पाट आणि सुरी वेगळी. शिजताना चव घेऊन बघायची नाही. मांसाचे मोठे तुकडे आतून 63 अंश सेल्सिअस, खिमा 71, कोंबडी 74 अंशांपर्यंत तापायला हवी. घरी थर्मामीटर नसेल तर आत कुठेही गुलाबी भाग आणि लालसर रस राहू नये इतकं शिजवायचं. हे दिसायला साधं आहे, पण तिच्या बाबतीत सगळ्यात जास्त संरक्षण यानेच दिलं असेल.

मधली तीन आठवड्यांची टांगती तलवार

तेराव्या आठवड्यात डॉक्टरांनी रक्त पुन्हा तपासलं. आयजीजी निगेटिव्ह, पण आयजीएम सीमारेषेवर. संध्याकाळी सातच्या सुमाराला सासूबाईंचा फोन आला. मन्याला त्याच रात्री घालवायचं ठरत होतं.

आयजीएमबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण याच एका आकड्यापायी अनेक मांजरं रस्त्यावर येतात, आणि त्याहून वाईट म्हणजे काही बायका भलताच निर्णय घेऊन बसतात. आयजीएम ताज्या लागणीत वाढतं, हे खरं. पण काहींच्या शरीरात ते महिनोन्‌महिने, क्वचित वर्षांहून जास्तही रेंगाळतं, आणि कधी कधी लागण नसतानाही चाचणी खोटी पॉझिटिव्ह येते. एकट्या आयजीएमवरून निदान करायचं नसतं. आयजीएम पॉझिटिव्ह आणि आयजीजी निगेटिव्ह असेल तर दोनच शक्यता: लागण अगदी नुकती झाली आहे, किंवा रिपोर्ट खोटा आहे. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायचं. लागण खरी असेल तर आयजीजी उमटतं. दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर अ‍ॅव्हिडिटी नावाची चाचणी (प्रतिपिंडं जंतूला किती घट्ट चिकटतात ते मोजणारी) मदतीला येते. पहिल्या तीन-चार महिन्यांत ती 'उच्च' आली तर लागण बहुधा गर्भधारणेच्या आधीची असते. 'कमी' आली तर मात्र त्यावरून लागण ताजीच आहे असं म्हणता येत नाही.

तिच्या डॉक्टरांनी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला आणि तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायचं ठरवलं. मी सासूबाईंना एवढंच म्हटलं की आज रात्री मन्याला बाहेर काढल्याने जे झालं असेल ते पुसलं जाणार नाही, आणि तो बाहेरच्या मातीत पुन्हा काय करेल यावर आपला ताबा राहणार नाही. त्या गप्प राहिल्या. मन्या राहिला.

ते तीन आठवडे तिने कसे काढले, ते मला फोनवरच्या आवाजावरून कळत होतं. 'लागण निघाली तर काय' हा प्रश्न तिने तिच्या डॉक्टरांना विचारला आणि त्यांनी तो टाळला नाही, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. उत्तर साधारण असं. लागण गर्भारपणाच्या सुरुवातीला झाली तर ती बाळापर्यंत पोचण्याची शक्यता कमी असते, पण पोचली तर इजा जास्त. शेवटच्या महिन्यांत उलट: पोचण्याची शक्यता जास्त, इजा बहुधा कमी. इजा मुख्यतः मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला होते, आणि डोळ्याची तक्रार कधी कधी जन्मानंतर वर्षांनी दिसते. पण लागण निघणं म्हणजे सगळं संपलं असं नाही. सुरुवातीच्या काळात स्पायरामायसिन हे औषध देतात. अठराव्या आठवड्यानंतर गर्भजल काढून पीसीआर, म्हणजे त्यात जंतूचा अंश शोधणारी चाचणी, करता येते, आणि बाळाला लागण झालेली असेल तर पायरिमेथामाइन व सल्फाडायझीन ही औषधं फॉलिनिक आम्लाच्या जोडीने दिली जातात. सोनोग्राफीवर लक्ष ठेवतात. हे सगळं कळल्यावर ती जरा सावरली. पुढे काय करायचं ते माहीत असलं की भीतीची धार थोडी बोथट होते.

सोळाव्या आठवड्यात आयजीजी निगेटिव्ह आलं. सीमारेषेवरचा तो आकडा खोटा होता. त्यानंतरच्या चाचण्याही निगेटिव्ह राहिल्या.

सातव्या महिन्यापासूनची तयारी

इथून माझा कल बोक्याकडे जातो, कारण घरातल्या बदलांचा ताण मांजर मुकाट्याने सोसतं आणि मग एक दिवस बाळाच्या दुपट्यावर लघवी करतं. घरच्यांना तो मत्सर वाटतो. मांजराच्या दृष्टीने वास, आवाज आणि जागा एकदम बदललेल्या असतात, आणि आपला वास पसरवून ते स्वतःला धीर देतं.

मन्या तिच्या पायाशी झोपायचा. बाळ आल्यावर ते बंद होणारच होतं, म्हणून तीन महिने आधी बंद केलं. बाळ आलं त्याच दिवशी दार बंद झालं असतं तर त्याने दारावर नखं ओढून सगळ्यांना जागं ठेवलं असतं. त्याच्यासाठी बैठकीत उंचावर एक गादी ठेवली. त्याला खाऊ घालणं, खेळवणं नवऱ्याने हाती घेतलं. बाळाच्या रडण्याचा आवाज आधी हळू, मग मोठा करत त्याला ऐकवला आणि सोबत आवडीचा खाऊ दिला. कॉट आधीच आणून लावली, पण तिच्यात त्याला एकदाही बसू दिलं नाही. लस, रेबीजसकट, वेळेवर. जंताचं औषध. पिसवांचा बंदोबस्त, कारण मांजराच्या ओरखड्यातून येणाऱ्या बार्टोनेला तापाचा जंतू मांजरांमध्ये पिसवांमुळेच पसरतो. पिसवांचं औषध घेताना एक सांभाळा: कुत्र्यांच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं.

आठव्या महिन्यात मन्या ट्रेमध्ये बसून नुसता कण्हत असल्याचं सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी लगेच फोन केला. बोक्याची लघवी अडकणं ही तातडीची गोष्ट असते, एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतो, आणि ताण हे तिचं एक मोठं कारण. वेळेत आणलं म्हणून नळी घालून मोकळं करता आलं. त्यानंतर घरात एकाऐवजी दोन ट्रे झाले, पाण्याची भांडी वाढली. आणि मन्याला देऊन टाका म्हणणाऱ्या सासूबाई दवाखान्यात त्याच्या पिंजऱ्याशी बसून होत्या, हे मला नोंदवावंसं वाटतं.

बाळ आल्यावर

मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, सुदृढ.

मांजर बाळाचा श्वास शोषून घेतं, असं अजून बोललं जातं. मांजराला श्वासात रस नसतो, ऊबेत असतो. पण या समजुतीला हसून सोडून देऊ नये, कारण तिच्याआडचा धोका खरा आहे. पहिल्या महिन्यांत बाळाला मान नीट सावरता येत नाही, तोंडावर आलेली वस्तू बाजूला करता येत नाही. चार-पाच किलोचा बोका ऊबेला म्हणून तोंडाशी किंवा छातीशी वेटोळं करून झोपला तर श्वास कोंडू शकतो. मांजर कितीही प्रेमळ असलं तरी इथे फरक पडत नाही. म्हणून नियम एकच ठेवला आणि त्यात सवलत ठेवली नाही: बाळ झोपलेलं असताना, कुणी मोठं माणूस जागं राहून बघत नसेल, तर बोका त्या खोलीत नाही.

कॉटवर जाळी टाकायचा विचार नवऱ्याने केला होता. डासांसाठी जाळी ठीक, पण मांजराचं वजन ती पेलत नाही. मांजर वर बसलं तर जाळी खाली झोळीसारखी येते. त्याऐवजी खोलीला जाळीचा दरवाजा बसवला. आवाज ऐकू यायचा, हवा खेळायची, आणि मन्याला पलीकडून बघता यायचं, त्यामुळे तो दारावर धडपडला नाही. बाळ पाठीवर, स्वतंत्र कॉटमध्ये, उशी आणि मऊ खेळण्यांशिवाय. हे मांजर नसलेल्या घरातही असंच हवं. रात्री दूध पाजताना आई पलंगावर पेंगते, आणि नेमक्या त्याच वेळी दार उघडं राहिलेलं असतं. दार लावायचं काम म्हणून आईकडे न ठेवता शेवटी झोपायला जाणाऱ्याकडे दिलं.

पहिली भेट साधी होती. आईने आधी रिकाम्या हाताने मन्याला जवळ घेतलं, मग बाळ मांडीवर असताना त्याला लांबून वास घेऊ दिला. तो आला, हुंगलं आणि निघून गेला. त्याला ढकललं नाही, ओढूनही आणलं नाही. स्तनपानाबद्दल तिला शंका होती, पण टॉक्सो आईच्या दुधातून जातो असं आढळलेलं नाही, आणि तिला तर लागणच नव्हती.

या काळात बाळाच्या वस्तूंचा मन्यालाच धोका होता, आणि याकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही. बाळाच्या तापाचं पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, थोडंसुद्धा. ड जीवनसत्त्वाचे थेंब जास्त प्रमाणात गेले तर मूत्रपिंडं निकामी होतात. झिंक ऑक्साइडचं रॅशवरचं मलम अंगाला लागलं तर तो चाटणारच. बाळाला बघायला आलेल्या एका पाहुणीने लिलीचा गुच्छ आणला होता, तो दाराबाहेरूनच परत गेला. लिलीचे परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

रांगायला लागल्यावर

सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी मन्यामागे सुटली. ट्रेच्या न्हाणीघराला मांजरापुरती फट ठेवून दार अडकवलं. सुक्या खाण्याचे दाणे घशात अडकू शकतात, म्हणून भांडं उंचावर गेलं. मांजराच्या गोल जंताची अंडीही ताज्या विष्ठेत लागण करण्याजोगी नसतात, त्यांना मातीत काही आठवडे लागतात. रोजची साफसफाई तिथेही उपयोगी पडते.

एकदा तिने शेपूट घट्ट धरलं आणि मन्याने हातावर नख ओढलं. थोडं रक्त आलं. घरच्यांनी हळद किंवा मलम न लावता आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली आणि लगेच बालरोगतज्ज्ञांकडे गेले. मन्याच्या लशींचं कार्ड सोबत नेलं. रेबीजची लस द्यायची की नाही, हे घरच्यांनी किंवा मी ठरवायचं नसतं, ते डॉक्टर ठरवतात, आणि ओरखडा कितीही लहान असला तरी विचारायचं. मन्याला शिक्षा झाली नाही. त्याला चढून बसता येईल अशा दोन जागा प्रत्येक खोलीत केल्या, आणि मुलगी जमिनीवर असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर, असं ठरलं. मांजर पळायला जागा नसली तरच सहसा ओरखडतं.

मुलगी आता दीड वर्षाची आहे. खेळायच्या जागी वाळूचा खड्डा आहे, भटकी मांजरं तिथे येतात, आणि रात्री त्यावर झाकण टाकावं म्हणून तिची आजी तिथल्या लोकांच्या मागे लागली आहे. आईचं आयजीजी अजून निगेटिव्ह आहे. दुसऱ्या बाळाचा विचार सुरू झाल्याचं तिने परवा सांगितलं, तेव्हा मन्याच्या फाइलवर मी लिहून ठेवलं: कच्चं मांस नाही, बाग नाही, ट्रे नवऱ्याकडे, आणि गर्भधारणेआधी आईचं रक्त पुन्हा.